बंद टीव्हीच्या पेटीतला फर्डिनांड ब्राऊन

घाटाखालचे खामगाव-मलकापूर असो की घाटावरचे चिखली-मेहकर, बुलढाणा जिल्ह्यातल्या बाजारगावांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत टीव्ही दुरुस्तीची दुकाने हमखास असत. दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मागची झाकणे काढलेले संच एकावर एक रचलेले, सोल्डरच्या धुराचा वास, आणि टेबलाच्या कडेला लाकडी फळीवर बसवलेला शंभर वॉटचा एक बल्ब. हा बल्ब उजेडासाठी नसे. बंद पडलेला संच थेट विजेला जोडण्याऐवजी कारागीर तो या बल्बामार्फत जोडी. बल्ब क्षणभर भगभगून मंद झाला, तर वीजपुरवठ्याचा पहिला टप्पा ठीक. भगभगीतच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मुळीच पेटला नाही, तर वाटेतच काहीतरी तुटले आहे. मग शोध सुरू होई तो वायरपासून. वायर, स्विच, फ्यूज, आणि फ्यूजच्या पुढे चौकोनात बसवलेले चार डायोड.

घरातील २३० व्होल्टची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. टीव्हीला मात्र एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. हे एकदिशीकरण ते चार डायोड करतात. तेथून पुढे कंडेन्सर, एसएमपीएस, एलओटी असा प्रवास करीत वीज अखेर काचेच्या जड पिक्चर ट्यूबपाशी पोहोचते. बिघाड शोधणारा हात याच क्रमाने पुढे सरकतो. या वाटेच्या आरंभी जे तत्त्व आहे ते, आणि शेवटी जी काच आहे ती, या दोन्हींचा उगम एकाच जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या कामात आहे. कार्ल फर्डिनांड ब्राऊन हे त्यांचे नाव. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मार्कोनींच्या बरोबरीने मिळाले, तेही तिसऱ्याच कामासाठी. दूरचित्रवाणी मात्र त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नाही.

ब्राऊन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी मध्य जर्मनीतील फुल्डा या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घर मध्यमवर्गीय, खाऊनपिऊन सुखी पण पैशाने भरलेले नव्हे. शालेय शिक्षण गावातच झाले. पुढे मारबुर्ग आणि बर्लिन येथील विद्यापीठांत ते शिकले आणि १८७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय विजेचा नव्हता. ताणलेल्या तारा आणि लवचीक दांडे कसे कंप पावतात, याचा तो अभ्यास होता. त्यानंतर गेओर्ग क्विंके या प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून ते वुर्झबुर्गला गेले. विद्यापीठातील साहाय्यकाच्या पगारात भविष्य दिसत नव्हते. त्यामुळे शाळामास्तर होण्यासाठी लागणारी सरकारी परीक्षा ब्राऊन यांनी दिली आणि १८७४ मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत ते गणित व विज्ञान शिकवू लागले. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी थोर संगीतकार बाख याच शाळेशी बांधलेले होते.

शाळेचे तास संपल्यावर उरलेल्या वेळात या तरुण मास्तरांनी जो प्रयोग केला, त्यावर आज जगातला प्रत्येक चार्जर चालतो, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही. त्या काळी ओहमचा नियम म्हणजे विद्युतशास्त्रातील वेदवाक्य होते. वाहकात जितका दाब द्यावा त्या प्रमाणात प्रवाह वाहावा, आणि दिशा बदलली तरी प्रमाण तेच राहावे, असा तो नियम. धातूच्या तारा तो इमानेइतबारे पाळतात. ब्राऊन यांनी तारांऐवजी खनिजांचे स्फटिक घेतले. गॅलेना म्हणजे शिशाचे सल्फाइड, पायराइट म्हणजे लोखंडाचे सल्फाइड, अशा धातूंच्या सल्फाइडांचे ते खडे होते. खड्याला एका बाजूने रुंद धातूचा टेकू आणि दुसऱ्या बाजूने तारेचे बारीक टोक. प्रवाह सोडला, मोजला. मग जोडण्या उलट करून पुन्हा मोजला. दोन्ही वेळचे आकडे जुळेनात. खडा एका दिशेने वीज सहज जाऊ देत होता आणि उलट दिशेने अडवत होता.

डायोड तपासणारा कारागीर नेमके हेच करतो. मीटरच्या लाल आणि काळ्या काड्या डायोडच्या दोन पायांना लावतो, वाचन पाहतो, काड्यांची अदलाबदल करतो आणि पुन्हा पाहतो. एकीकडून मीटर चालले आणि दुसरीकडून चालले नाही, तर डायोड शाबूत. दोन्हीकडून चालले, तर डायोड शॉर्ट झाला आहे. फ्यूज काळाठिक्कर होऊन उडण्याचे हे एक नेहमीचे कारण. कोणत्याच बाजूने चालले नाही, तर तो आतून तुटला आहे. १८७४ मध्ये लाइपझिगला जे वाचन ओहमच्या नियमाला छेद देणारे म्हणून चक्रावून टाकत होते, तेच वाचन चिखलीच्या दुकानात माल चांगला असल्याची खूण ठरले.

निरीक्षणे प्रसिद्ध झाली, पण त्यांचे फारसे कौतुक झाले नाही. त्यांचे कारण कोणाला सांगता येत नव्हते. खुद्द ब्राऊन यांनाही ते उलगडले नाही. टोकाचा स्पर्श जरा हलला तरी परिणाम बदलत असे. शिवाय उपयोग काय, हा प्रश्न होताच. १८७४ साली घरोघरी वीज नव्हती. प्रत्यावर्ती प्रवाहाचे जाळे नव्हते, मग त्याला एकदिश करण्याची गरज तरी कोणाला पडणार? धातू आणि अर्धवाहक यांच्या सीमेवर काय घडते याची समाधानकारक मांडणी शॉटकी आणि मॉट यांनी केली ती १९३८-३९ च्या सुमारास. म्हणजे मधे तब्बल चौसष्ट वर्षे गेली.

पुढची दोन दशके ब्राऊन यांच्या आयुष्यात बिऱ्हाडे बदलण्याची होती. १८७७ मध्ये मारबुर्ग, १८८० मध्ये स्ट्रासबुर्ग, १८८३ मध्ये कार्ल्सरूहे, १८८५ मध्ये ट्युबिंगेन. त्याच वर्षी आमेली ब्यूलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे आणि दोन मुली झाल्या. ट्युबिंगेनला भौतिकशास्त्राची नवी संस्था उभी करण्याचे काम त्यांनी केले. विद्युतदाब मोजणारे एक साधे, टिकाऊ उपकरणही त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रयोगशाळेसाठी साधने घडवण्याची त्यांना विशेष आवड होती. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांना दिसेल असे काहीतरी दाखवल्याशिवाय शिकवणे पुरे होत नाही, या वृत्तीचे ते शिक्षक होते. लाइपझिगच्या दिवसांत शाळकरी मुलांसाठी गणित आणि निसर्गविज्ञानाचे एक पुस्तकही त्यांनी लिहिले होते. १८९५ मध्ये ते भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून स्ट्रासबुर्गला परतले आणि तेथेच स्थिरावले. आज फ्रान्समध्ये असलेले हे शहर १८७१ पासून जर्मन साम्राज्यात होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस राँटगेन यांनी क्षकिरणांचा शोध जाहीर केला आणि युरोपातील प्रयोगशाळांना निर्वात काचनळ्यांनी झपाटले. नळीतली बहुतेक हवा काढून उच्च दाबाची वीज सोडली की ऋण टोकाकडून अदृश्य किरण निघत. ते काचेवर आदळले की काच हिरवट चमके. हे किरण म्हणजे नेमके काय, यावर वाद चालू होते. ब्राऊन यांना या वादापेक्षा किरणांचा एक गुण महत्त्वाचा वाटला. चुंबक जवळ नेला की हे किरण वाकतात, आणि त्यांना वजन जवळपास नसल्याने वाकायला वेळ लागत नाही.

त्यांच्यासमोर प्रश्न वेगळाच होता. प्रत्यावर्ती वीज आता शहरांत येऊ लागली होती, पण तिचा हेलकावा प्रत्यक्ष दिसतो कसा हे सहज दाखवता येत नव्हते. मोजमापाच्या यंत्रातला काटा जड. सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. ब्राऊन यांनी काट्याच्या जागी किरण घ्यायचे ठरवले. बॉन येथील काचकारागीर फ्रान्झ म्युलर यांच्याकडून त्यांनी लांब मानेची एक नळी बनवून घेतली. मानेतून निघालेले किरण एका बारीक छिद्रातून जात आणि रुंद टोकाजवळच्या, चमकणारे द्रव्य लावलेल्या पडद्यावर त्यांचा एक ठिपका उमटे. मानेजवळ तारेचे वेटोळे ठेवून त्यात तपासायचा प्रवाह सोडला की ठिपका वर-खाली नाचू लागे. समोर आरसा फिरवून पाहिले की त्या नाचण्याची लाट होऊन डोळ्यांसमोर पसरे. या नळीचे वर्णन करणारा निबंध फेब्रुवारी १८९७ मध्ये पुरा झाला. इकडे मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, तेव्हाची ही गोष्ट. जे. जे. टॉमसन यांनी ते किरण म्हणजे विद्युतकणांचा झोत असल्याचे जाहीर केले ते यानंतर, त्याच वर्षी.

या नळीने पहिल्यांदा दाखवले काय, तर चित्र नव्हे. स्ट्रासबुर्गच्या वीजघरातून येणाऱ्या प्रवाहाची लाट ब्राऊन यांनी तिच्यावर पाहिली. पुढे जगभरच्या घरांत जी काच करमणुकीची खिडकी बनली, तिची पहिली नेमणूक गावच्या वीजपुरवठ्याची नाडी पाहण्यावर झाली होती. ब्राऊन यांचे साहाय्यक योनाथन त्सेनेक यांनी १८९९ मध्ये फिरत्या आरशाऐवजी दुसऱ्या वेटोळ्याने ठिपका आडवा ओढण्याची सोय केली. लाट थेट पडद्यावर उमटू लागली आणि ऑसिलोस्कोप हे उपकरण जवळजवळ आजच्या रूपात आले.

टीव्हीच्या कारागिराला पिक्चर ट्यूबचा हा मूळ स्वभाव पुस्तकात वाचावा लागत नाही, तो रोज दिसतो. जुन्या ब्लॅक-अँड-व्हाइट संचात वीज एकदिश करून झाल्यावर उरलेली लहर कंडेन्सर गुळगुळीत करतो. कंडेन्सर वाळला की ती लहर चित्रात शिरते. पडद्यावर दोन आडवे काळसर पट्टे उमटतात आणि सावकाश वर किंवा खाली सरकू लागतात. चित्राच्या कडा सापासारख्या वळवळतात. पट्टे दोन असतील तर चारही डायोड चालू आहेत आणि कंडेन्सर गेला आहे. पट्टा एकच आणि जाड असेल, तर डायोडांपैकी एक तुटला आहे, कारण आता लाटेचा अर्धाच भाग पुढे येतो आहे. रंगीत संचात चित्र चारी बाजूंनी आक्रसले, तर पुढे जाणारा दाब कमी पडतो आहे. आवाज आहे पण पडदा काळा, अशा वेळी कारागीर दुकानातला दिवा मालवून ट्यूबच्या मानेत डोकावतो. तिथली तांबूस धुगधुगी दिसली तर हीटर जिवंत आहे, आणि शोध ईएचटीकडे वळवायचा. रंगीत ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, संच बंद केल्यावरही तो काचेत काही काळ दबा धरून बसतो. तेथे हात घालताना जुने कारागीर एक हात पाठीमागे ठेवत. महागडा ऑसिलोस्कोप परवडणारे दुकान जिल्ह्यात विरळाच असणार. पण बिघडलेला संचच स्वतःचा ऑसिलोस्कोप होई आणि ब्राऊन यांनी स्ट्रासबुर्गला मुद्दाम पाहिलेली ती लाट मेहकरला नको असताना दर्शन देई.

या नळीचे पेटंट ब्राऊन यांनी घेतले नाही. निबंध छापून ते मोकळे झाले. कोणीही काचकारागिराकडून नळी करून घ्यावी आणि वापरावी. संशोधकांनी तसेच केले. ती नळी चित्रासाठी वापरण्याची कल्पना ब्राऊन यांच्या शिष्यपरिवारातूनच निघाली. माक्स डीकमान यांनी गुस्टाव्ह ग्लागे यांच्यासह १९०६ मध्ये साध्या आकृत्या तिच्या पडद्यावर उमटवून दाखवल्या. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबुर्ग येथे बोरिस रोझिंग यांनी या नळीवर आधारित पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. ब्राऊन स्वतः मात्र या वाटेला गेले नाहीत. त्यांचे सारे लक्ष तोवर बिनतारी संदेशवहनाने व्यापले होते. नळीच्या बाबतीत उदार राहिलेले हे प्राध्यापक त्या क्षेत्रात पेटंटे, कंपन्या आणि खटले यांच्या गुंत्यात पुरते ओढले गेले.

मार्कोनींच्या आरंभीच्या यंत्रात ठिणगी थेट अँटेनाच्या वाटेवरच पडत असे. संदेश लांब पाठवायचा तर ठिणगी मोठी करायची. पण काही अंतरानंतर ठिणगी कितीही वाढवली तरी पल्ला वाढेना. ब्राऊन यांनी १८९८ च्या सुमारास या दुखण्याचे मूळ शोधले. त्यांनी ठिणगी अँटेनातून काढली, कंडेन्सर आणि वेटोळे यांच्या स्वतंत्र बंद मंडलात ठेवली आणि त्या मंडलातील दोलने दोन वेटोळ्यांच्या जवळिकीतून अँटेनाला दिली. मधे तारेची थेट जोडणी नाही, तरी ऊर्जा पलीकडे जाते. टीव्हीतल्या एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरची एक बाजू झटका देणारी आणि दुसरी त्या मानाने निर्धोक असते, हे ठाऊक असलेल्याला ही मांडणी परकी वाटणार नाही. साम्य फार ताणू नये हे खरेच. ब्राऊन यांना सुरक्षितता नव्हे, पल्ला हवा होता. तो मिळाला. १९०० मध्ये एल्बे नदीच्या मुखावरील कुक्सहाफेनहून समुद्रातल्या हेलिगोलँड बेटापर्यंत, सुमारे ६२ किलोमीटरवर, संदेश पोहोचला.

व्यवहार आला, तसे भागीदार आले. ब्राऊन यांच्या नावाची कंपनी निघाली, सीमेन्स तिच्याशी जोडली गेली. दुसरीकडे एईजी या कंपनीच्या आधाराने स्लाबी आणि आर्को यांचा गट काम करीत होता. दोन जर्मन गटांच्या भांडणात फायदा इंग्लंडमधील मार्कोनी कंपनीचा होतो आहे हे पाहून १९०३ मध्ये दोन्ही एकत्र आणले गेले. त्यातून टेलिफुंकन ही कंपनी उभी राहिली. रेडिओच्या काळात हे नाव आपल्याकडेही पोहोचले होते.

बिनतारी संदेश ग्रहण करताना ब्राऊन यांना त्यांच्या तारुण्यातील तो खडा आठवला. अँटेनाला मिळणारी दोलने इतकी वेगवान असतात की कानाला काही कळत नाही. पण त्यांची एकच बाजू पुढे जाऊ दिली तर टेलिफोनच्या चकतीत आवाज उमटतो. शाळेत सापडलेला एकदिश स्फटिक सुमारे पाव शतकानंतर कामाला आला. स्फटिकावर बारीक तार टेकवून ऐकायचे ते रेडिओसंच पुढे जगभर पसरले. याच काळात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस स्वतंत्रपणे गॅलेनावर काम करीत होते आणि १९०४ मध्ये त्यांना त्यासाठी अमेरिकेचे पेटंट मिळाले. पेटंटांविषयी तेही मनाने उदासीनच होते.

१९०९ चे नोबेल जाहीर झाले तेव्हा ब्राऊन ५९ वर्षांचे होते, मार्कोनी ३५ वर्षांचे. एकाने नवे क्षेत्र धडाडीने जगासमोर आणले होते, दुसऱ्याने ते का चालते आणि कुठे अडते हे शोधून त्याला शास्त्रीय बैठक दिली होती. पारितोषिक दोघांत सारखे वाटले गेले. त्यांच्या कंपन्या मात्र बाजारात आणि न्यायालयात एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या, आणि पाच वर्षांनी हाच वाद ब्राऊन यांना घरापासून कायमचा तोडणार होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटनने जर्मनीच्या समुद्राखालील तारा तोडल्या. जर्मनीला अमेरिकेशी थेट बोलायचे तर बिनतारी मार्गाखेरीज पर्याय फारसा उरला नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील सेव्हिल येथे टेलिफुंकनशी संलग्न कंपनीचे केंद्र होते. मार्कोनी कंपनीने त्या केंद्रावर पेटंटभंगाचा दावा लावला. केंद्र बंद पडले तर जर्मनीचा आवाजच बंद. साक्ष देण्यासाठी ब्राऊन यांना पाठवायचे ठरले. प्रकृती ठीक नव्हती, वय ६४, समुद्रावर युद्धनौकांचा पहारा. तरीही डिसेंबर १९१४ मध्ये ते त्सेनेक यांच्यासह न्यूयॉर्कला निघाले.

खटला १९१५ मध्ये उभा राहिला. मार्कोनीही अमेरिकेत आले होते. पण त्या वर्षी मे महिन्यात इटली युद्धात उतरली आणि ते मायदेशी परतले. सुनावणी लांबणीवर पडली. जुलैमध्ये सेव्हिलचे केंद्रच अमेरिकी नौदलाने ताब्यात घेतले आणि ज्यासाठी समुद्र ओलांडला त्या साक्षीचे प्रयोजनच संपल्यासारखे झाले. मात्र परतीची वाट बंद होती. ब्रिटिश नाकेबंदीतून जर्मन नागरिकाने सुखरूप परत जाणे दुरापास्त होते, त्यात आजारपण. मुलगा न्यूयॉर्कला होता. ब्रुकलिनमध्ये त्याच्या आश्रयाने ब्राऊन राहू लागले. काही महिन्यांसाठी आलेल्या माणसाची एकामागून एक वर्षे तिथे गेली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली आणि नोबेलविजेते प्राध्यापक कायद्याच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्सेनेक यांना स्थानबद्ध करण्यात आले. ब्राऊन यांचे वय आणि लौकिक पाहून त्यांना ब्रुकलिनमध्ये वावरण्याची मुभा राहिली. प्रयोगशाळा नाही, विद्यार्थी नाहीत, घरचे समुद्रापलीकडे.

२० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिनमध्येच त्यांचे निधन झाले. युद्ध संपायला सात महिनेही उरले नव्हते. ते संपले तेव्हा स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेले, म्हणजे ब्राऊन जगले असते तरी ज्या संस्थेत परतायचे ती त्यांची उरली नसती. त्यांच्या अस्थी १९२१ मध्ये फुल्डाला, जन्मगावी आणण्यात आल्या.

त्यानंतर नळीने मात्र जग पादाक्रांत केले. जपानमध्ये केंजिरो ताकायानागी यांनी १९२६ च्या डिसेंबरात तिच्या पडद्यावर जपानी लिपीतले एक अक्षर दाखवले. रोझिंग यांचे शिष्य व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी अमेरिकेत तिला घरगुती संचाचे रूप दिले. जर्मनीत आणि जपानमध्ये टीव्हीच्या ट्यूबला ब्राऊन यांच्याच नावाने ओळखत. आपल्याकडे दिल्लीत १९५९ साली दूरचित्रवाणी आली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी, रंग आले १९८२ मध्ये. १९८४ नंतर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले, आणि घराघरांच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या अँटेना उगवल्या. शेजारच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. रविवारी सकाळी ‘रामायण’ आणि नंतर ‘महाभारत’ लागे. त्या वेळेला संच बंद पडणे म्हणजे घरावर संकटच, आणि शनिवारी संध्याकाळी दुकानांत गर्दी.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ही संकटे बहुतेक वेळा तारेतूनच येत. रब्बीच्या हंगामात कृषिपंप एकदम सुरू झाले की गावचा दाब ढासळे आणि चित्र आक्रसे. दोन हजारच्या दशकात भारनियमन तासन् तास चाले. गेलेली वीज परत येताना दाबाचा जो उसळा येई, त्यात एसएमपीएसचा ट्रान्झिस्टर आणि त्यामागोमाग फ्यूज बळी पडे. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग. अनुभवी कारागीर नुसता फ्यूज बदलून संच देत नसे, कारण तो घरी पोहोचण्याआधी पुन्हा उडणार हे त्याला ठाऊक असे. आधी डायोड, मग कंडेन्सर, मग ट्रान्झिस्टर, आणि सारे मोजून झाल्यावर पुन्हा एकदा तो शंभर वॉटचा बल्ब. भगभगला, मंदावला, ट्यूबच्या मानेत तांबूस उजेड आला, पडद्यावर सरसर सुरू झाली, की बाहेर बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहराही उजळे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत काचेच्या ट्यूबचे उत्पादन थांबले. चपटे पडदे आले आणि जड संच भंगाराच्या गाड्यांवर गेले. तांब्याच्या वेटोळ्यांसाठी ट्यूबची मान मोडली जाते. शिसे मिसळलेली ती काच कुठे टाकावी हा प्रश्न आता पालिकांपुढे आहे. दुकाने कमी झाली, उरली त्यांत एलईडीच्या पट्ट्या बदलल्या जातात, नाहीतर मोबाइल दुरुस्त होतात. पण बंद पडलेला एलईडी टीव्ही टेबलावर पालथा घालून मागचे झाकण काढले, तर विजेच्या वाटेवर आधी फ्यूज लागतो आणि त्याच्या पुढे, बहुधा एकाच काळ्या आवरणात, ते चार डायोड. मीटरच्या काड्या त्यांना आजही दोन वेळा लावाव्या लागतात, एकदा सुलट आणि एकदा उलट.